‘अटक होईल’, ‘जप्ती येईल’ असा फोन आला तर काय करायचं? खरी नोटीस कशी ओळखायची, कायदा काय सांगतो

समोरचा माणूस बहुतेक वेळा हिंदीत बोलतो. ‘मुंबई क्राईम ब्रँच’ नाहीतर ‘सीबीआय’मधून बोलतोय असं सांगतो. तुमच्या आधार कार्डावर दुसऱ्यानेच सिम घेतलं, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरला, असं काहीतरी ऐकवतो. मग व्हिडिओ कॉल येतो. मागे पोलीस ठाण्यासारखी खोली आणि अंगावर वर्दी. शेवटी मागणी एकच, ‘चौकशी होईपर्यंत पैसे या खात्यावर टाका आणि घरात कुणाला सांगू नका.’

यालाच ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. कायद्यात अशी अटकच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही हे सांगितलं होतं. तरीही लोक फसतात, आणि फक्त अडाणी माणूस फसतो असं समजू नका. २०२४ मध्ये लुधियानाच्या एका मोठ्या उद्योगपतीला व्हिडिओ कॉलवर खोटं सुप्रीम कोर्ट दाखवून ७ कोटी रुपये उकळले. २०२५ मध्ये हरियाणातल्या अंबाल्याच्या वृद्ध जोडप्याला कोर्टाचे बनावट आदेश दाखवून १ कोटीहून जास्त रक्कम काढून घेतली. त्या प्रकरणाची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी अशा गुन्ह्यांचा तपास सीबीआयकडे दिला.

आपल्याकडे धमकीची रूपं अनेक आहेत. कुणी कर्जवसुलीची भीती घालतो, कुणी वीज तोडण्याची, कुणी गाडीच्या चलनाची, तर कुणी गावातला सावकारच असतो. त्यात दुसरी अडचण अशी, की काही नोटिसा खऱ्या असतात. सगळंच खोटं समजून कागद पत्र्याच्या पेटीत टाकला तर नुकसान आपलंच. म्हणून कोणती धमकी आली तर कायद्याची खरी रीत काय, ते खाली एकेक करून दिलं आहे.

पोलिसांच्या नावाने फोन

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल तर पोलीस कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस देतात. ही नोटीस व्हॉट्सॲपवर किंवा इतर इलेक्ट्रॉनिक मार्गाने देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी २०२५ रोजी स्पष्ट केलं आहे. नोटिशीत फक्त हजर राहायला सांगतात, पैसे भरायला कधीच नाही.

खरी अटक समोरासमोर होते. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर नाव दिसलं पाहिजे. अटकेचा पंचनामा लिहून त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी लागते. अटकेचं कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं आणि २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर महिला आणि ६० वर्षांवरच्या पुरुषांना पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी यायचं असतं. तेव्हा ‘आजोबा, कॅमेऱ्यासमोरून हलू नका’ म्हणणारा पोलीस नसतोच.

शंका आली तर फोन ठेवा. गावच्या पोलीस पाटलांना विचारा किंवा आपल्या ठाण्यात जाऊन विचारा. त्याच माणसाने दिलेल्या नंबरवर खात्री करायची नाही.

कोर्टाचं समन्स

इथे जरा सांभाळून. नव्या कायद्यानुसार कोर्टाचं समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने येऊ शकतं. त्यामुळे मोबाईलवर आलं म्हणजे खोटंच, असं धरू नका. तपासायची सोय आहे. प्रत्येक केसला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. तो ई-कोर्ट्सच्या वेबसाईटवर किंवा ॲपवर टाकला की कोणतं कोर्ट, पुढची तारीख कोणती, समोरची पार्टी कोण, सगळं दिसतं. नंबर नसेल तर आपल्या नावानेही शोधता येतं. जमत नसेल तर कागद घेऊन तालुका कोर्टाच्या कार्यालयात जा.

लोकअदालतीच्या नोटिशीचंही तसंच. तिथे तडजोड दोघांच्या राजीखुशीने होते. ‘आलं नाही तर अटक’ असं कुणी लोकअदालतीच्या नावाने म्हणत असेल तर ते खोटं आहे.

वकिलाची नोटीस आणि कर्जवसुली

वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. ते पक्षकाराच्या वतीने लिहिलेलं पत्र असतं. त्यावर अशोकस्तंभ किंवा कोर्टाचा शिक्का छापलेला असेल तर तिथेच शंका घ्या. कर्ज थकलं हा दिवाणी विषय आहे, निव्वळ हप्ता चुकला म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत.

चेकचं मात्र वेगळं आहे. चेक बाऊन्स झाल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत समोरचा नोटीस पाठवू शकतो. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर फौजदारी तक्रार होऊ शकते. खतं-औषधांच्या उधारीसाठी सही केलेला कोरा चेक देऊन ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अशी नोटीस आली तर त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा.

बँकेला सरफेसी कायद्याने तारण ताब्यात घ्यायचं असेल तर आधी ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि शेतजमिनीच्या तारणाला हा कायदा लागूच नाही. पतसंस्था किंवा सोसायटीचं कर्ज असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम १०१ येतं. त्यात निबंधकांकडे चौकशी होते, मग वसुली दाखला मिळतो, मग मागणी नोटीस, आणि त्यानंतर जप्ती. ‘तुझ्यावर १०१ झालंय, उद्या ट्रॅक्टर नेतो’ असं फोनवर कुणी म्हणालं तर दाखल्याची प्रत मागा आणि सहायक निबंधक कार्यालयात चौकशी करा. चौकशीची नोटीस खरी असेल तर तारखेला हजर राहाच. आपलं म्हणणं मांडायची जागा तीच आहे. दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यातही शेतकऱ्याची गरजेची अवजारं, जनावरं आणि बियाणं जप्तीतून वगळलेली आहेत.

बँक आणि फायनान्सच्या वसुली एजंटांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शिवीगाळ करणं, नातेवाइकांना फोन करून बदनामी करणं हेही चालत नाही.

विजेचा मेसेज, गाडीचं चलन

‘आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर फोन करा.’ असा मेसेज आला की घरातली माणसं घाबरतात, विशेषतः पाणी भरायच्या दिवसांत. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. खात्री महावितरणच्या १९१२ नंबरवर करा.

चलनाच्या मेसेजसोबत एपीके फाईल आली तर ती उघडू नका. ती मोबाईलमध्ये शिरून बँकेचे ओटीपी वाचू शकते. खरं चलन वाहतूक विभागाच्या ई-चलन वेबसाईटवर गाडी नंबर टाकून दिसतं. आयकर खात्याच्या प्रत्येक पत्रावरही १ ऑक्टोबर २०१९ पासून डीआयएन नंबर असतो, तो त्यांच्या पोर्टलवर तपासता येतो.

सावकाराची धमकी

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ हा आपल्या राज्याचा कायदा. परवान्याशिवाय सावकारी केली तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर सहकार खात्याच्या निबंधकांकडे अर्ज करा. चौकशीत अवैध सावकारी सिद्ध झाली तर जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकांना आहे. ‘कोर्टात खेचतो’ म्हणणारे अवैध सावकार स्वतः कोर्टाला का घाबरतात, ते यावरून कळेल.

धमकी देणाऱ्यावर कोणता गुन्हा?

भारतीय न्याय संहितेत धमकावून पैसे उकळणं म्हणजे खंडणी, कलम ३०८, ७ वर्षांपर्यंत शिक्षा. फसवून पैसे घेणं कलम ३१८, तिथेही ७ वर्षांपर्यंत. पोलीस किंवा सरकारी अधिकारी असल्याचं सोंग घेणं कलम २०४. कोर्टाचा खोटा कागद बनवणं कलम ३३७. मोबाईल-इंटरनेटवर तोतयेगिरी करून फसवलं तर आयटी कायद्याचं कलम ६६ डी.

पैसे गेलेच तर

पहिला तास महत्त्वाचा. लगेच १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी गोठवता येतात. बँकेला कळवा. व्यवहार क्रमांक, कॉलचा नंबर, मेसेज, स्क्रीनशॉट जपून ठेवा, चॅट पुसू नका. तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वरही करता येते. गुन्हा कुठेही घडला असला तरी जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवता येतो आणि त्याची प्रत फुकट मिळते. ठाण्यात नोंदवून घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवा.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. तालुका कोर्टाच्या आवारात विधी सेवा समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, पूर-दुष्काळग्रस्त आणि ३ लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो.

शेवटी एवढंच. खऱ्या नोटिशीला तारीख असते, कार्यालय असतं, उत्तर द्यायला मुदत असते. ती चार माणसांना दाखवली तरी चालते. फसवणाऱ्याला मात्र घाई असते आणि गुपचूप काम हवं असतं. गावात अब्रू जाईल या भीतीवरच त्याचा धंदा चालतो. म्हणून फोन आला की आधी घरात सांगा, मग पुढचं बघा. आणि कुणी फसलं असेल तर त्याला हसू नका, १९३० लावून द्या.

हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा

सायबर फसवणूक : १९३०
पोलीस मदत : ११२
मोफत कायदेशीर मदत : १५१००
महावितरण : १९१२
बँकेविरुद्ध तक्रार, रिझर्व्ह बँक : १४४४८