विजेची जुनी गाडी : आधी बॅटरीचं वय विचारा

आगरदांड्याच्या जेट्टीवरून मासळी मुरूडच्या बाजारात न्यायची, तांदळाची पोती आणायची, तर रिक्षा-टेम्पोच्या भाड्यातच कमाईचा मोठा वाटा जातो. म्हणून गटाच्या बैठकीत विषय निघतो, की विजेवरची एखादी जुनी छोटी गाडी घेतली तर? डिझेल नको, धूर नाही, आणि जुनी असेल तर किंमतही कमी. पण अशी गाडी स्वस्त का मिळते, हे गटाचे पैसे देण्याआधी समजून घ्यायला हवं. त्यासाठी आज थोडा इतिहास सांगते. सव्वाशे वर्षांत विजेच्या गाड्या पुन्हा पुन्हा आल्या आणि गेल्या, आणि बहुतेक वेळा अडल्या त्या एकाच ठिकाणी.

विजेची गाडी ही काही नवलाई नाही. पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी शिशाची बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ साली बनवली. १८८१ मध्ये पॅरिसच्या रस्त्यावर विजेवर चालणारी तीनचाकी धावली. १८९७ साली लंडनमध्ये वॉल्टर बर्सी यांनी विजेच्या भाड्याच्या गाड्या सुरू केल्या. एका चार्जमध्ये त्या साधारण पन्नास किलोमीटर जात. लोकांनी कौतुक केलं, पण दोन वर्षांत, १८९९ मध्ये, त्या बंद झाल्या. मोटर चांगली होती. बॅटऱ्या मात्र जड होत्या, खड्ड्यांच्या धक्क्यांनी बिघडत आणि त्यांच्या ओझ्यानं टायर झिजत. मिळकतीपेक्षा दुरुस्तीचा खर्च जास्त झाला.

अमेरिकेत पुढची काही वर्षं विजेच्या गाड्या बायकांमध्ये फार चालल्या. पेट्रोलची गाडी तेव्हा पुढून हँडल फिरवून सुरू करावी लागे. त्यात जोर लागे आणि हँडल उलटं फिरलं तर हात मोडे. विजेची गाडी मात्र बसलं की निघाली. पेट्रोलच्या मोटारी बनवणाऱ्या हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा स्वतः विजेची गाडी चालवत. मग १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत बटणावर सुरू होणारं इंजिन आलं, पेट्रोलच्या गाड्या स्वस्त झाल्या आणि विजेची गाडी मागे पडली.

आता आपल्या शेजारी नेपाळमध्ये येऊ. काठमांडूत १९९३ च्या सुमारास 'सफा टेम्पो' ही विजेची तीनचाकी सुरू झाली. १९९९ मध्ये तिथे धूर ओकणाऱ्या डिझेलच्या तीनचाकींवर बंदी आली आणि सफा टेम्पो वाढले. ते चालवणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या, आणि त्यांतल्या कित्येकींचं घर त्यावर चाललं. दुपारी स्टेशनवर जायचं, उतरलेल्या बॅटऱ्या काढून भरलेल्या बसवायच्या आणि पुन्हा फेरीला निघायचं. पण शिशाची बॅटरी दोनेक वर्षांत थकायची आणि नवा संच घेताना मालकांची दमछाक व्हायची. अलीकडे त्यांतल्या काही जुन्या टेम्पोंमध्ये लिथियम बॅटऱ्या बसवल्या, आणि तीच जुनी गाडी पुन्हा धावू लागली.

भारतात २००१ मध्ये बंगळूरहून 'रेवा' ही छोटी मोटार आली. दोन दारं, पुढे दोन मोठी माणसं, मागे मुलं. पुढच्या सीटखाली शिशाच्या आठ बॅटऱ्या, मिळून दोनशे किलोंहून जास्त वजन. घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर साधारण आठ तासांत ती भरायची आणि नवी असताना ऐंशी किलोमीटर जायची. २०१० मध्ये महिंद्रानं त्या कंपनीचा मोठा हिस्सा घेतला आणि २०१२ नंतर जुनं मॉडेल बंद झालं. आज जुन्या बाजारात रेवा दिसते ती अशी बंद झालेली गाडी आहे. आणि आपल्याच रायगडात, माणसानं माणसाला ओढून नेणाऱ्या माथेरानमध्ये, डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांची चाचणी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. म्हणजे विजेची गाडी आपल्या डोंगरातही आली आहे.

या सगळ्यातून काय दिसतं? मोटर वर्षानुवर्षं टिकते. गाडी म्हातारी होते ती बॅटरीनं. म्हणून जुनी गाडी बघायला जाल तेव्हा रंग, सीट, आरसे नंतर बघा. आधी विचारा, बॅटरी कोणत्या महिन्यात, कोणत्या साली बसवली? त्याची पावती मागा. नव्या संचाची किंमत दुकानात विचारून या आणि ती गाडीच्या किमतीत मिळवा. ती बेरीज म्हणजे खरी किंमत. गाडी पूर्ण चार्ज करायला लावा, मग चार बायका किंवा तेवढं ओझं घेऊन चढावर चालवून बघा आणि किती किलोमीटर गेली ते मीटरवर मोजा. चार्जर आणि कंट्रोलर बिघडला तर तो भाग मिळतो का आणि दुरुस्त कोण करतं, तेही विचारा. आरसी बुकावरचं नाव आणि नोंदणीची मुदत तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

घेतल्यावर शिशाच्या बॅटरीची निगा अशी. ती पार उतरेपर्यंत चालवू नका. फेरी झाली की चार्जिंगला लावा. आतल्या पट्ट्या उघड्या पडू देऊ नका. चार्ज झाल्यावर डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचं किंवा नळाचं नाही, कारण त्यातले क्षार बॅटरी खराब करतात. चार्ज होताना पेट घेणारा वायू निघतो, म्हणून मोकळ्या हवेत लावा. जवळ चूल नको, बिडी नको. आपल्या खाऱ्या हवेनं टर्मिनलवर गंज चढतो. वीज बंद करून, खायच्या सोड्याच्या पाण्यानं पुसून, कोरडं झालं की वर पेट्रोलियम जेली लावा. मासळीच्या टोपलीचं पाणी बॅटरीच्या पेटीत गळू देऊ नका. आतलं आम्ल हाताला, डोळ्याला, लुगड्याला लागू देऊ नका. लागलंच तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा.

आणखी एक, खास आपल्यासाठी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत गाडी नुसती उभी राहते. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली, तर पट्ट्यांवर पांढरा थर जमतो आणि नारळी पौर्णिमेला गाडी हलत नाही. म्हणून बंदीच्या दिवसांतही दर दोन-तीन आठवड्यांनी ती चार्ज करा. ही जबाबदारी गटातल्या एकीच्या नावावर लिहून ठेवा, कारण सगळ्यांचं काम ते कुणाचंच काम नसतं.

जुनी बॅटरी घरी फोडू नका. शिसं लेकरांच्या मेंदूला बाधतं. ती दुकानदाराला परत द्या, बदल्यात पैसेही मिळतात.

लंडनच्या गाड्या बॅटरीचा खर्च पेलला नाही म्हणून बंद पडल्या. काठमांडूच्या बायकांच्या काही जुन्या गाड्या नवी बॅटरी मिळाली म्हणून आजही चालतात. गाडी घ्या, पण गटाच्या वहीत पहिल्या महिन्यापासून एक ओळ ठेवा : पुढच्या बॅटरीसाठी बाजूला काढलेले पैसे. कर्जाचा हप्ता आणि ही ओळ दोन्ही झेपत असतील, तरच सौदा करा.