चौकटीआडचे भय

भयपटांचा इतिहास बहुधा किंकाळ्यांच्या आधारे सांगितला जातो. हिचकॉकच्या 'सायको'मधले (१९६०) न्हाणीघर सर्वांनाच आठवते. त्या इतिहासात जेमतेम एखादी ओळ मिळणारी काही शांत दृश्ये मला अधिक मोलाची वाटतात.

रोमान पोलान्स्कीच्या 'रोझमेरीज बेबी'मधले (१९६८) एक दृश्य पाहा. रोझमेरीला दिवस गेल्याचे कळताच शेजारीण मिनी (रूथ गॉर्डन) आनंदाने धावून येते आणि ओळखीच्या डॉक्टरांना फोन करायला आतल्या खोलीत जाते. कॅमेरा बाहेरच थांबतो. दाराच्या चौकटीमुळे मिनी अर्धीच दिसते, तिचा चेहरा आड राहतो. छायालेखक विल्यम फ्रेकर यांनी ती दारातून नीट दिसेल अशी मांडणी केली होती. पोलान्स्कीने कॅमेरा सरकवायला लावला. पुढे चित्रपटगृहात दारापलीकडचे दिसावे म्हणून प्रेक्षक माना तिरक्या करू लागले. 'व्हिजन्स ऑफ लाइट' (१९९२) या माहितीपटात फ्रेकर यांनीच ही आठवण सांगितली आहे.

हा किस्सा दिग्दर्शकाच्या चलाखीचा नमुना म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तिथे कथेचे मर्म आहे. त्या फोनमुळे रोझमेरी आपले डॉक्टर सोडून मिनीच्या डॉ. सॅपरस्टीनकडे जाऊ लागते. तो कटातलाच आहे, हे तिला फार उशिरा कळते. तिच्या गर्भारपणाचा ताबा त्या अर्धवट दिसणाऱ्या खोलीत शेजाऱ्यांच्या हाती जातो.

दहा वर्षांनी जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोविन'मध्ये (१९७८) पुन्हा एक दार येते. लॉरी अंधाऱ्या दाराशेजारी हुंदके देत उभी आहे. मागच्या काळोखातून पांढरा मुखवटा हळूहळू उमटतो. छायालेखक डीन कंडी यांनी त्यावरचा प्रकाश बेताबेताने वाढवत नेला. इथे प्रेक्षकाला धोका लॉरीच्या आधी दिसतो. तिला ओरडून सांगावेसे वाटते.

'रोझमेरीज बेबी'त तशी सोय नाही. तिथे घाबरावे असे काही दिसतच नाही. एक वयस्क बाई, एक फोन, काळजीचा सूर. मुखवटा घातलेल्या माणसापासून पळता तरी येते. मायेने डॉक्टर ठरवून देणाऱ्या शेजारणीला नाही म्हणायचे कसे, हे रोझमेरीला सुचत नाही. चौकटीबाहेर राहिलेला तो चेहरा म्हणूनच मला त्या मुखवट्याहून भीतिदायक वाटतो.