रजोनिवृत्तीच्या गोळीचा मागोवा

पाळी बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते आणि पन्नाशीला थांबते, एवढे सांगून सुश्रुतसंहिता पुढच्या विषयाकडे वळते. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने हाच आकडा चाळीस, क्वचित पन्नास असा दिला. दोघांनीही ही वयाची एक खूण म्हणून नोंदली, आजार म्हणून नव्हे. आजाराचा शिक्का बसला तो बऱ्याच उशिरा, युरोपात. पाळीवाटे बाहेर पडणारे रक्त पुढे अंगातच साठते, असा तिथला पक्का समज होता आणि त्यावर जळवा लावणे, शीर तोडून रक्त काढणे हे उपाय चालत. शार्ल दे गार्दान या फ्रेंच वैद्याने १८१६ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले, १८२१ मध्ये त्यात थोडा फेरफार केला, आणि आज जगभर रूढ असलेला ‘मेनोपॉज’ हा शब्द तिथून चालत आला. पुढे १८५७ मध्ये लंडनच्या एडवर्ड टिल्टने या विषयावर अख्खे पुस्तक लिहिले. त्याने पाचशे स्त्रियांच्या तक्रारींचे तक्ते मांडले होते. अंगातून वाफा निघणे, घाम, चिडचीड, झोप उडणे, सगळे त्यात आहे. निरीक्षण इतके बारीक आणि उपाय मात्र बेलाडोनाचा लेप नि अफूचा अर्क!

आपण आता १८७२ मध्ये येऊ. या कथेतले सर्वांत अस्वस्थ करणारे वळण इथे आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या रोम गावी रॉबर्ट बॅटी नावाच्या शल्यविशारदाने त्या ऑगस्टमध्ये एका तरुणीची अंडाशये काढली. जर्मनीत आल्फ्रेड हेगार आणि इंग्लंडमध्ये लॉसन टेट हेही त्याच सुमारास त्याच वाटेने निघाले होते. पाळीतल्या वेदना, फेफरे, वेड अशा कशावरही मग हा इलाज होऊ लागला. चांगली अंडाशये काढली जाऊ लागली, आणि विशी-तिशीतल्या बायकांना पन्नाशीतल्या वाफा येऊ लागल्या. अंडाशय रक्तात काहीतरी सोडत असले पाहिजे, हे वैद्यकाला अशा रीतीने कळले. जे काढले तेच परत द्यायचे, असा विचार मग सुरू झाला. १८८९ मध्ये पॅरिसमध्ये बाहत्तरीचे वैद्य ब्राउन-सेकार यांनी कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याचे भर सभेत सांगितले. लोक हसले, पण कल्पना टिकली. १८९६ च्या सुमारास बर्लिनमध्ये गाईची अंडाशये स्त्रियांना औषध म्हणून दिली जाऊ लागली आणि लवकरच त्यांची भुकटी दुकानांत आली.

भुकटीचा गुण बेभरवशाचा होता. नेमका पदार्थ हाती लागायला १९२३ साल उजाडले. त्या वर्षी सेंट लुइसमध्ये एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी अंडाशयातल्या या स्रावाची, म्हणजे ईस्ट्रोजेनची, कसोटी बसवली. चार वर्षांनी बर्लिनच्या ॲशहाइम आणि झोंडेक यांना गरोदर स्त्रीच्या लघवीत तो मुबलक सापडला. १९२९ मध्ये डॉइझी आणि जर्मनीतले बुटेनांट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्याचे स्फटिक वेगळे केले. माँट्रियलमध्ये जेम्स कॉलिप यांनी गरोदर स्त्रियांपासून पोटात घेण्याजोगे औषध तयार केले खरे, पण कच्चा माल पुरणार कसा? उत्तर तबेल्यात होते. गाभण घोडीच्या मूत्रात ईस्ट्रोजेन भरपूर असते, हे झोंडेक यांनी १९३० मध्येच दाखवले होते. त्यातून ‘प्रेमारिन’ ही गोळी निघाली. ती १९४१ मध्ये कॅनडात आणि १९४२ मध्ये अमेरिकेत विक्रीला आली. पश्चिम कॅनडातल्या थंड मुलुखात शेकडो शेतकरी या धंद्यात उतरले. हिवाळाभर घोड्या ओळीने ठाणबंद उभ्या, प्रत्येकीच्या मागे रबरी पिशवी अडकवलेली, तिथून नळी थेट डब्यात. याच सुमारास बॉस्टनच्या फुलर ऑलब्राइट यांनी पाळी गेल्यावर ठिसूळ होणाऱ्या हाडांचा संबंध ईस्ट्रोजेनशी जोडला. त्यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. गोळीला मात्र त्यांच्यामुळे वाफांपलीकडचे एक कारण मिळाले.

१९६६ मध्ये न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांचे ‘फेमिनिन फॉरएव्हर’ हे पुस्तक आले आणि प्रचंड खपले. रजोनिवृत्ती म्हणजे हार्मोनची उणीव, ती जन्मभर भरून काढा, हा त्यांचा सांगावा. विल्सन यांना औषध कंपन्यांचा पैसा मिळत होता, हे नंतर उघड झाले. १९७५ मध्ये नुसत्या ईस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो, असे दोन अभ्यासांनी दाखवले. मग जोडीला प्रोजेस्टेरॉनसारखे औषध आले आणि विक्री पुन्हा चढली. जुलै २००२ मध्ये ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ ही या जोडीची १६,६०८ स्त्रियांवरची अमेरिकी चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. स्तनांचा कर्करोग वर्षाला दहा हजारांत आठ जणींना अधिक झाला होता, आणि पक्षाघात व हृदयविकारही थोडे वाढले होते. त्याच आकड्यांत खुब्याची मोडलेली हाडे कमी होती, पण ती बातमी कुणी वाचली नाही. दोन वर्षांत या औषधांच्या चिठ्ठ्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटल्या. वास्तविक या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पाळी जाऊन त्यांना बरीच वर्षे लोटली होती. पन्नाशीतल्या बाईचा प्रश्न त्यांच्या आकड्यांवरून सुटणार नव्हता. आधी सगळ्यांना द्या, मग कुणालाच नको: माझ्या मते दोष औषधापेक्षा या सरसकटपणाचा आहे.

आजचे मत मधले आहे. साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, वाफांचा त्रास फार असेल आणि कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास नसेल, तर हार्मोनचा फायदा सहसा धोक्याहून मोठा ठरतो. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले वाफांवरचे फेझोलिनेटंट हे औषध तर हार्मोन नव्हेच. ते मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रावर काम करते. वजन पेलण्याचा व्यायाम, पुरेसे कॅल्शियम आणि प्रथिने यांची गरज मात्र औषध घेणारीलाही आहे, न घेणारीलाही. त्यातही आपल्याकडे पाळी पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी, सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, म्हणजे हाडांची काळजी चाळिशीतच सुरू व्हायला हवी.

आणि बॅटीचा काळ आपल्याकडे सरलेला नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये सरकारी समितीने चौकशी केली. तपासलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, आणि त्यांतल्या कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. पाळीमुळे खाडा झाला तर दंड, शिवाय ‘कॅन्सर होईल’ ही धास्ती. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही गेली तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. अंडाशये राहिली तरी ती लवकर थकू शकतात. तेव्हा घरात कुणाला ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळाला, तर सहीआधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: दुसरा उपाय करून पाहिला का, आणि अंडाशये ठेवणार की काढणार?