स्वस्ताई, यंत्रे आणि करमणूक : आपल्या जिल्ह्यातील लोकमताचा मागोवा



वार्षिक मेळाव्यात पंगत उठली, पानसुपारी झाली की वडीलधारी मंडळी ओसरीवर टेकतात आणि बोलण्याची गाडी हटकून तीन मुक्कामांवर येऊन थांबते. पूर्वी स्वस्ताई होती, आता महागाईने कंबर मोडली, हा पहिला मुक्काम. यंत्रांनी हातचा धंदा बुडविला, हा दुसरा. करमणुकीच्या नव्या साधनांनी पोरे बिघडली, हा तिसरा. ही तिन्ही मते आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि आमच्या आजोबांनीही ती आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकली होती. ज्या मताला एवढी वंशपरंपरा लाभली आहे ते निव्वळ खोटे म्हणून टाकता येत नाही. तसेच केवळ जुने म्हणून ते खरेही मानता येत नाही. म्हणून या तिन्ही मतांचा आपल्या जिल्ह्यापुरता इतिहास थोडक्यात पाहावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम स्वस्ताईचा विचार करू. आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा मुलूख औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांत वाटला गेलेला होता आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत त्यावर निजामाचा अंमल होता. निजामी राज्याचे नाणेही निराळे होते. त्याला हाली शिक्का म्हणत, आणि इंग्रजी मुलखातील रुपयाला कलदार. ढोबळ हिशेबाने सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद लोहमार्ग पुरा झाला आणि जालन्याचा माल मनमाडच्या वाटेने इंग्रजी मुलखात जाऊ लागला, तेव्हा व्यापाऱ्यांना दोन्ही नाण्यांचा हिशेब ठेवावा लागे. त्यातच शेराचे वजनही गावोगाव सारखे नव्हते. तेव्हा कोणी वृद्ध गृहस्थ ‘आमच्या वेळी रुपयाला इतके शेर ज्वारी मिळे’ असे म्हणाले, तर त्यांना नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत. रुपया हाली की कलदार? शेर कोणत्या गावचा? आणि तो रुपया मिळविण्यासाठी किती दिवस राबावे लागे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा मिळतात. तिसऱ्या प्रश्नाला मात्र ओसरीवर शांतता पसरते. भाव आठवतो, मजुरी आठवत नाही, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. पण त्यामुळे स्वस्ताईची कथा अर्धीच सांगितली जाते. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. त्या पाळण्यात कोण निजले होते आणि रात्रभर दोरी कोण ओढीत होते, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर हाली शिक्का हळूहळू मागे पडला आणि १९५९ पर्यंत पूर्णपणे बाद झाला. त्याच सुमारास, १ एप्रिल १९५७ रोजी, दशमान नाणेपद्धती आली. जुन्या आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत असल्याने पावकीचा हिशेब कोणाच्या पदरात पडला, यावरून दुकानोदुकानी वाद झडले. चार आण्यांचे पंचवीस पैसे बिनबोभाट होत. पण एका आण्याची जिन्नस घेणाऱ्या गरिबाला सहा द्यावेत की सात, हा प्रश्न रोजचाच होता. पाठोपाठ १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो व लिटर आले आणि शेर, पावशेर, नवटाक मागे पडले. ‘नव्या पैशाने महागाई आणली’ असे तेव्हा जो तो म्हणे. नाणे बदलल्याने महागाई येते हे अर्थशास्त्राला मान्य होणार नाही. तथापि ज्याची सारी खरेदीच आण्याची, त्याला पाव पैसाही जाणवतो, हे त्या मतातले सत्य होय.

आता यंत्रांकडे वळू. हा विषय आपल्या तेली समाजाच्या वर्मी लागणारा आहे. आपले पूर्वज घाण्यावर जगले. डोळ्यांना झापड बांधलेला बैल, फिरणारी लाट, तिचा पहाटेपासूनचा कुरकुराट, एकीकडे तेल आणि दुसरीकडे गुरांसाठी पेंड, हा आपल्या घरांचा संसार होता. करडई, तीळ, जवस आणि भुईमूग आपल्या शिवारांतून येई आणि तेल त्याच गावात खपे. ते केवळ फोडणीला लागत नसे. देवळातली समई, घरातला दिवा आणि तमाशाच्या फडापुढचा टेंभा याच तेलावर जळे. गावाची रात्रीची करमणूकच मुळी आपल्या घाण्यातून निघालेल्या उजेडावर चाले, असे म्हटले तरी ती अतिशयोक्ती नव्हे.

या धंद्याला पहिला धक्का रॉकेलने दिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रॉकेलचे डबे बाजारात आले, चिमण्या व कंदील आले, आणि दिव्याचे तेल आपल्या हातून गेले. दुसरा धक्का तेलगिरण्यांचा. एक्सपेलर त्याच दाण्यातून घाण्यापेक्षा अधिक तेल काढतो आणि बैलाला वैरण घालावी लागत नाही. तेव्हा भावात घाणा टिकणे अशक्य झाले. वनस्पती तुपाचा डालडा १९३७ साली आला आणि त्याने सणासुदीची कढईही काबीज केली. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. त्याने सुधारलेल्या घाणीचा पुरस्कार केला, आणि पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगानेही ते काम चालविले. परंतु घाण्याच्या तेलाची स्तुती करणारे बहुतेक लोक तेल मात्र गिरणीचेच घेत. नुसत्या मताने धंदा तगत नाही. त्यासाठी त्या मताच्या माणसाने पदरचे दोन पैसे अधिक मोजावे लागतात.

अखेरचा धक्का शेतातून आला. करडईचे पीक आटत गेले आणि तिच्या जागी सोयाबीन आले. तिळात निम्म्याच्या आसपास तेल असते, सोयाबीनमध्ये ते शेकडा १८ ते २० च्या घरात. असले बी घाण्यात घालून परवडत नाही, त्याला मोठे कारखानेच लागतात. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक परदेशातून येते, आणि लाकडी घाण्याचे तेल शहरात चढ्या भावाने आरोग्याची वस्तू म्हणून विकले जाते. आमच्या घरच्या घाण्याचा दगड आज अंगणात तुळशीखाली आहे. तो पाहिला की ‘यंत्रांनी बुडविले’ या मताची टिंगल करण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

परंतु त्याच अंगणात दुसरा एक दगड आहे, जात्याचा. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा पुरुष मंडळी म्हणत, ‘गिरणीच्या पिठात कस नाही, भाकरीला चव नाही.’ आमच्या आजीला हे कोणी ऐकविले की ती हसून म्हणे, ‘ज्यांनी कधी दळले नाही, त्यांनाच चव कळते.’ पहाटेच्या अंधारात उठून घरभराचे दळण ओढणाऱ्या बाईला गिरणीने झोप दिली. घाणा गेल्याने घराचे उत्पन्न गेले, जाते थांबल्याने बाईचे कष्ट गेले. यंत्र दोन्ही ठिकाणी होते, पण हिशेब निरनिराळे होते. ओसरीवरच्या मतांत पहिलाच हिशेब येतो, कारण दुसरा ज्यांनी सोसला त्या ओसरीवर बसत नसत.

जात्याबरोबर एक गोष्ट मात्र खरोखरच हरवली. दळताना बाया ओव्या गात. तेच त्यांचे काम आणि तीच त्यांची करमणूक. तिला तिकीट नव्हते आणि पुरुषांची परवानगीही लागत नसे. माहेर, भाऊ, पंढरी, सासुरवास, दुष्काळ हे सारे त्यांत येई. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ या ग्रंथात अशा ओव्यांचा मोठा संग्रह केला. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी गावोगाव हिंडून जमविलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरते. आपल्या आज्यापणज्यांची मते कोणत्या बखरीत नाहीत. ती या ओव्यांत आहेत.

यावरून करमणुकीचा प्रश्न ओघानेच येतो. तमाशा पाहणे वाईट, असे मानणाऱ्या पिढीने पुढे सिनेमा वाईट ठरविला. तथापि प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला तेव्हा सिनेमाला नावे ठेवणारी भाविक मंडळीही तो दर्शनाच्या भावनेने पाहून आली. ज्या तुकोबांचे अभंग उतरवून घेण्याचे श्रेय परंपरेने संताजी जगनाडे महाराजांना मिळते, त्यांचा बोलपट पाहण्यात कोणाला दोष दिसणार? पुढे नभोवाणीची पाळी आली. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ पासून दहा वर्षे केंद्रात नभोवाणीमंत्री होते. चित्रपटगीतांनी अभिरुची बिघडते अशा समजुतीने त्यांनी आकाशवाणीवरील या गीतांना आवर घातला. परिणाम एवढाच झाला की श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले आणि अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ घरोघर पोहोचली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीलाच विविध भारती सुरू करावी लागली. आज मोबाइलवरून मुलांना रागे भरणारे पुष्कळ गृहस्थ एके काळी याच गीतमालेसाठी शेजाऱ्याच्या खिडकीखाली उभे राहत, हे त्यांनी स्वतःच आम्हांस सांगितले आहे.

महागाई, यंत्र आणि विज्ञान यांची खरी परीक्षा दुष्काळात झाली. १९६४ साली जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी काढली आणि त्याच सुमारास संकरित ज्वारी शेतात आली. ‘हायब्रीडच्या भाकरीला चव नाही’ हे मत तेव्हापासूनचे. नव्या पिढीला ‘हायब्रीड’ म्हणून हिणविण्याची चालही त्यातूनच पडली. परंतु १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांनी परदेशातून आलेली तांबडी मिलो मुकाट्याने खाल्ली, तेव्हा चवीचा प्रश्न कोणी काढला नाही. बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे आपल्या जिल्ह्याला भूषणावह आहे. त्याच १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या पुढाकाराने स्त्रिया हातात लाटणे घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. चूल सांभाळणारीचे मत त्या दिवसांत प्रथमच सरकारला मोठ्याने ऐकावे लागले.

या साऱ्यातून आमच्या ध्यानी आले ते असे की, मत ऐकताना ते कोणाचे आहे आणि त्यात कोणाचा हिशेब धरलेला नाही, हे पाहिले पाहिजे. आज करमणूक स्वस्त झाली आहे. २०१६ नंतर मोबाइलवर पाहण्याऐकण्याचा खर्च फारच उतरला. उलट शिक्षण आणि औषधपाणी महाग झाले आहे. तेव्हा मुलाच्या हातातील मोबाइल पाहून संताप येतो, त्यापूर्वी त्याच्या शाळेच्या फीचा आणि त्याच्या आईच्या कष्टांचाही हिशेब मांडावा. घाणा गेला तेव्हा ज्यांच्या घरी दुसरे कसब किंवा शिक्षण होते ती घरे सावरली; ज्यांच्या घरी नुसती हळहळ होती ती मागे राहिली. हा धडा आपल्या समाजाने फार मोल देऊन घेतलेला आहे.

म्हणून आमची एक विनंती आहे. आपल्या घरी माळ्यावर जुन्या चोपड्या, रोजकीर्दी, तेलाच्या व पेंडीच्या भावाचे कागद असतील, ते रद्दीत घालू नयेत. संस्थेकडे नकलेसाठी आणून द्यावेत. घरात सत्तरी उलटलेली आजी असेल तर तिला भाव विचारावेत, मजुरी विचारावी, पहिला सिनेमा कोठे पाहिला हे विचारावे, आणि येत असतील तेवढ्या ओव्या उतरवून घ्याव्यात. ओसरीवरची मते आपण पुष्कळ ऐकली; पुढील वर्षीच्या स्मरणिकेत माजघरातील मते छापता आली, तर हा इतिहास पुरा होण्याच्या वाटेला लागेल.