गल्ल्यावरची घंटा

अमेरिकेंत ओहायो संस्थानांत डेटन हें गांव आहे. तेथील जेम्स रिटी हा गुत्तेवाला नोकरांच्या हातचलाखीनें त्रासला होता. बोटीच्या पंख्याचे फेरे मोजणारें यंत्र पाहून त्यास युक्ति सुचली, अशी कथा सांगतात. भावाच्या साहाय्यानें रचिलेल्या गल्ल्याच्या यंत्राचें पेटंट त्यास १८७९ सालीं मिळालें. पुढें त्याला घंटा आली, आणि पेटी उघडतांच ती धन्याच्या कानीं पडूं लागली.

पण गल्ल्यावरच्या कारकुनानें मेहुण्याच्या दोन जिन्नसांपैकीं एकाचीच रक्कम दाबली, तर यंत्र बिचारें तेवढीच बिनचूक लिहिणार! म्हणून घरचें माणूस आल्यास त्याला दुसऱ्या कारकुनाकडे पाठवावें, असा नियम मोठ्या दुकानांतून आढळतो. पुष्कळांस यांत अविश्वास दिसतो. आम्हांस तर ती नोकराच्याच अब्रूची राखण वाटते.

बक्षिसीचें प्रकरण याहून बिकट. वॉशिंग्टन संस्थानानें १९०९ सालीं तिच्यावर कायद्यानें बंदी घातली. आणखी कांहीं संस्थानांनीं तोच मार्ग धरिला. १९२६ पर्यंत हे सारे कायदे रद्द झाले. दुकानदारांनीं मात्र आपल्या गल्ल्यापुरती ती बंदी पुष्कळ ठिकाणीं अद्याप चालूं ठेविली आहे.