अब्बांना नुसता आराम नको: उतारवयातील जगण्याचा हेतू आणि स्मरणशक्ती

'साठी बुद्धी नाठी' असे मराठीत म्हणतात आणि उर्दूत 'सठिया गए हैं'. दोन्ही भाषांनी म्हातारपण आणि विसराळूपणा एकत्र बांधून टाकले आहेत. त्यामुळे घरातले कोणी विसरायला लागले की 'वय झाले' म्हणून आपण गप्प बसतो. पण स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, हा मेंदूचा आजार आहे, वयाचा हक्काचा हिस्सा नव्हे. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना तो असल्याचा अंदाज आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसे. याचा अर्थ बहुतेक वृद्धांना तो होत नाही.

अमेरिकेत शिकागोच्या रश विद्यापीठात वृद्धांची स्मरणशक्ती वर्षानुवर्षे तपासली जाते. तिथल्या पॅट्रिशिया बॉयल आणि सहकाऱ्यांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. डिमेन्शिया नसलेल्या ९००हून अधिक वृद्धांना त्यांनी जगण्याच्या हेतूबद्दल प्रश्न विचारले: पुढे काही करायचे आहे असे वाटते का, आपल्या जगण्याला दिशा आहे असे वाटते का, असे. मग सात वर्षांपर्यंत त्यांची दरवर्षी तपासणी केली. ज्यांची हेतूची जाणीव पक्की होती, ते अल्झायमरपासून मुक्त राहण्याची शक्यता कमी हेतू वाटणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे २.४ पट निघाली. २०१२ साली याच गटाने मृत्यूनंतर २४६ जणांचे मेंदू तपासले. आजाराच्या खुणा सारख्याच असल्या तरी हेतू असलेल्यांची बुद्धी जिवंतपणी अधिक टिकून राहिली होती.

इथे थोडी सावधगिरी हवी. हेतू असला की आजार होतच नाही, असे यातून सिद्ध होत नाही. उलटेही असू शकते. आजार आत सुरू झाल्यामुळेच माणसाची उमेद आधी मावळत असेल. पण वडीलधाऱ्यांना कामाचे ठेवल्याने नुकसान काहीच नाही.

आणि नेमके इथेच आपण चुकतो, तेही प्रेमापोटी. मुलगा आखातात कमावू लागला की पहिला आग्रह असतो, अब्बा, आता दुकान बंद करा, आराम करा. सून घरात आली की अम्मीच्या हातातून चूल जाते. बाजारहाट नातू मोबाईलवरून करतो. घरात काही कमी नाही, मानही आहे, पण दिवसभरात त्या माणसावाचून अडणारे एकही काम उरत नाही. विधवा बायकांचे तर जास्तच. इद्दतचे ४ महिने १० दिवस संपतात, तरी घराबाहेर पडायचे निमित्त परत मिळत नाही.

हेतू म्हणजे फार मोठे काही नव्हे. नातवंडांना कायदा आणि छोट्या सुरह शिकवणे, मशिदीचा हिशेब पाहणे, मोहल्ल्यातील आजारी माणसाची रोज विचारपूस करणे, वर्षाचा मसाला आपल्या देखरेखीखाली कुटून घेणे, परसातली झाडे. अट एकच, जबाबदारी खरी असावी. 'बसल्या बसल्या लसूण सोला' असे मन रमवण्यापुरते काम दिले की म्हाताऱ्या माणसाला ते लगेच कळते. पाच वेळची जमात दिवसाला वेळापत्रक देते, चालणे आणि चार माणसांची भेटही घडवते. अनेक मशिदींत स्त्रियांसाठी जागा नसते, त्यामुळे आपल्या अम्मी-दादींना हा आधार मिळत नाही. जमातीच्या मंडळींनी याचा विचार करायला हवा.

हेतू एकटा पुरेसा नाही. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली टाळता किंवा आटोक्यात आणता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, नैराश्य, एकटेपणा, कमी दिसणे आणि ऐकू न येणे आहे. जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शियाचे रुग्ण यांच्याशी जोडलेले असल्याचा आयोगाचा अंदाज आहे. कानाकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो. दादी भलतेच उत्तर देते म्हणून घरचे हसतात, मग ती बोलणेच कमी करते. आधी कान तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन लांबवू नका.

डॉक्टरांकडे कधी जावे? नमाजेत रकात चुकणे तरुणांनाही होते, सजदा-ए-सह्व त्यासाठीच आहे. पण ४० वर्षे ज्या मशिदीत जातात तिथून घरी येताना वाट चुकणे, तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा पुन्हा विचारणे, पैशांचा व्यवहार न जमणे, स्वभाव अचानक बदलणे, ही लक्षणे वेगळी आहेत. थायरॉईडचा त्रास, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि नैराश्य यांतही विसराळूपणा येतो आणि त्यांवर उपचार होतात. त्यामुळे रक्ततपासणी न करता 'वय झाले' म्हणू नये. नैराश्य हे ईमान कमजोर असल्याचे लक्षण नाही. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाईनही आहे.

निदान झालेच तर ती बदनामी समजून लपवू नका. माणूस सारे जाणल्यानंतर काहीच न जाणण्याच्या वयाला पोहोचू शकतो, याचा उल्लेख कुरआनमध्येच आहे (सुरह नहल, आयत ७०, सुरह हज, आयत ५). लहानपणी पाठ केलेल्या सुरह अशा रुग्णांना बऱ्याचदा शेवटपर्यंत आठवतात, मात्र असर पढली की नाही हे आठवत नाही. त्यांनी ती दोनदा पढली तर टोकू नका. अक्कल हरपलेल्यावर नमाज-रोजाचे बंधन राहत नाही. आपल्या घरच्या परिस्थितीत नेमके काय करायचे ते जवळच्या आलिमांना विचारा. आणि अब्बांच्या कुर्त्याच्या खिशात नाव, पत्ता आणि घरचा फोन नंबर लिहिलेला कागद आजच ठेवा.