पानांची ये-जा आणि शेजारधर्म

संगणकाच्या इतिहासात ‘आभासी स्मृती’ची कथा बहुधा सुटकेची कथा म्हणून सांगितली जाते. आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, लिहिणाऱ्याच्या डोक्यावरचे जागेच्या हिशेबाचे ओझे यंत्राने उचलले, असा तिचा सारांश असतो. १९६२ ते १९७१ या काळातले शोधनिबंध क्रमाने वाचले की मात्र निराळे चित्र दिसते. ओझे गेले नाही, त्याचे रूप पालटले.

मुळात ते ओझे मोठेच होते. १९५०च्या दशकात मुख्य स्मृती महाग आणि तोकडी असे. काम मोठे असेल तर लिहिणाऱ्याने त्याचे तुकडे पाडायचे. कोणता तुकडा केव्हा फिरत्या चुंबकीय ड्रमवरून आणायचा आणि कोणाच्या जागी बसवायचा, हेही त्यानेच ठरवायचे. मूळ गणितापेक्षा ही हमालीच कधी कधी जास्त होई.

मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरांटी कंपनीच्या साथीने उभारलेल्या ‘अ‍ॅटलास’ने हे चित्र बदलले. ७ डिसेंबर १९६२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्याची मुख्य स्मृती १६,३८४ शब्दांची होती आणि ड्रमवर आणखी सुमारे ९८ हजार शब्द मावत. ही सारी जागा ५१२ शब्दांच्या ‘पानां’त विभागलेली होती, म्हणजे मुख्य स्मृतीत एका वेळी ३२ पाने. लिहिणाऱ्याला मात्र सगळे एकसलग दिसे. हवे असलेले पान जागेवर नसले तर यंत्र स्वतःच ते ड्रमवरून आणी. त्यासाठी कोणते पान परत पाठवायचे, हे पूर्वीच्या वापराच्या नोंदी पाहून ठरवणारी एक ‘शिकणारी’ आज्ञावलीही त्यात होती.

सोय उत्तम, पण फुकट नव्हती. मुख्य स्मृतीतला शब्द सुमारे २ मायक्रोसेकंदांत मिळे. ड्रमवरचे पान हाती लागायला सरासरी ६ मिलिसेकंद लागत. फरक तीन हजार पटींचा. ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्यातली मोहरी घेणे आणि प्रत्येक चिमटीसाठी कोठीच्या खोलीत जाणे, यांत जो फरक तोच हा.

अ‍ॅटलासच्याच मापाचे उदाहरण घेऊ. ५१२ ओळी आणि १२८ स्तंभांचा आकड्यांचा तक्ता आहे. फोर्ट्रानच्या रिवाजाप्रमाणे स्तंभ एकामागोमाग ठेवले, तर प्रत्येक स्तंभ बरोबर एका पानात बसतो. बेरीज स्तंभाने केली तर १२८ वेळा पान आणावे लागेल. एक सेकंदही नाही. तीच बेरीज ओळीने केली तर प्रत्येक आकडा नव्या पानावर. ज्या पानाला सर्वांत जास्त वेळ हात लागलेला नाही ते काढायचे, असा नियम असेल तर ३२ पानांच्या जागेत १२८ पाने फिरताना दर वेळी चुकामूक होते. एकूण ६५,५३६ खेपा, साडेसहा मिनिटे! उत्तर तेच, आज्ञाही जवळजवळ त्याच. फक्त दोन ओळींची अदलाबदल.

नियमच वाईट होता, असे कोणी म्हणेल. पण १९६६ साली आयबीएमच्या लास्लो बेलाडींनी एक आदर्श नियम मांडला होता: जे पान भविष्यात सर्वांत उशिरा लागणार ते काढा. असा त्रिकालज्ञ नियम लावला तरी वरच्या उदाहरणात सुमारे तीन-चतुर्थांश खेपा उरतातच. विस्कळीत मांडणीला सर्वज्ञ यंत्रही पूर्ण तारू शकत नाही.

हे दुखणे अनेकांची कामे एकाच वेळी चालवणाऱ्या यंत्रांवर उग्र झाले. कामे वाढवत नेली की एका टप्प्यावर सारे यंत्र केवळ पानांची ने-आण करत बसे, प्रत्यक्ष काम जवळपास थांबे. याला ‘थ्रॅशिंग’ म्हणत. एमआयटीत संशोधन करणाऱ्या पीटर डेनिंग यांनी १९६८ साली त्याचे मूळ दाखवले. नुकत्याच गेलेल्या काळात आज्ञावलीने ज्या पानांना हात लावला, तो तिचा ‘वर्किंग सेट’. तो संच मावत असेल तरच नवे काम सुरू करा, असा त्यांचा उपाय. त्यामागचे निरीक्षण अधिक मोलाचे आहे: आज्ञावल्या स्मृतीत सैरावैरा हिंडत नाहीत, काही काळ एका वस्तीत राहतात, मग दुसरीकडे बिऱ्हाड हलवतात. या शेजारधर्मावरच अ‍ॅटलासपासूनचा सारा डोलारा उभा होता.

पुढचे पाऊल साहजिक होते. शेजार महत्त्वाचा, तर तो जाणूनबुजून का वसवू नये? १९६९ साली मॅकेलर आणि कॉफमन यांनी तक्ते पानांत कसे ठेवावेत हे मांडले. १९७१ साली हॅटफिल्ड आणि जेराल्ड यांनी आज्ञावलीचाच विचार केला: चालत्या आज्ञावलीची नोंद घ्यायची, कोणते भाग लागोपाठ वापरले जातात ते पाहायचे आणि ते एकाच पानात शेजारी बसवायचे. तर्क तोच राहिला, फक्त भागांचा क्रम बदलला आणि चुकामुकी घटल्या.

आज बहुतेक संगणकांत ४,०९६ बाइटांचे पान चालते. अ‍ॅटलासचे पान आजच्या मापाने ३,०७२ बाइटांचे होते. साठ वर्षांत वेग आणि क्षमता अफाट वाढल्या, पण जवळच्या आणि दूरच्या स्मृतीतली दरी बुजलेली नाही. आभासी स्मृतीने लिहिणाऱ्याला हमालीतून सोडवले, हे खरेच. मात्र कोणाला कोणाच्या शेजारी बसवायचे, हा विवेक तिने त्याच्याकडेच ठेवला. जागेची चिंता मिटली म्हणून मांडणीची मिटली, असे मानणाऱ्याला दंड आजही वेळेत भरावा लागतो.